पूर ओसरल्यानंतर

नाशिकमध्ये पुराचं पाणी फुटात मोजत नाहीत, नदीपात्रातल्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की रविवार कारंजापासून नाशिकरोडपर्यंत एकच प्रश्न फिरू लागतो : दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला आलं तर फार काळजी नसते. कमरेला लागलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वरच्या फळीवर चढवतात. २०१६ च्या २ ऑगस्टला पाणी मारुतीच्या डोक्यावरून गेलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा गेलं. अशा दिवशी सगळं शहर नदी बघायला लोटतं. पूल बंद केले तर लोक गच्च्यांवर चढून बघतात.

पूर ओसरल्यावर मात्र बघायला फारसं कुणी जात नाही. २०१९ साली मी गेले होते. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, तशी मी पाणी उतरल्यावर दोन दिवसांनी गंगेवर गेले. घाटावर घोटाभर गाळ होता, कुजका वास होता. माझी नजर वर गेली ती विजेच्या खांबांकडे. माझ्या उंचीच्या दुप्पट उंचीवर, तारांना, झाडांच्या फांद्यांना, पुलाच्या कठड्यांना पिशव्या लटकत होत्या. दुधाच्या पिशव्या, चिवड्याची पाकिटं, साडीच्या दुकानांच्या पिशव्या. गाठ न सुटलेलं निर्माल्य, आतल्या झेंडूच्या माळांसकट. आणि एक रबर लावलेली छोटी पिशवी, आपण मिसळ पार्सल घेतो तेव्हा रस्सा जिच्यात बांधून देतात तसली. नदीने सगळ्या गावाचं घर उचलून उन्हात वाळत घातलं होतं.

त्यातली एक दुधाची पिशवी आमच्याकडे येते त्याच दुधाची होती. ती माझीच असेल असं नाही. पण ती माझी नव्हती असं छातीठोकपणे सांगता येईना. ही पुस्तिका लिहायची गरज मला त्या दिवशी वाटली.

पुढच्या पानांत स्वयंपाकघर, मोरी, बाजार, वीज, प्रवास आणि सणवार असे भाग आहेत. त्यांत सांगितलेली एकही गोष्ट अवघड नाही आणि बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत. तरीही एवढी लांब प्रस्तावना लिहिते आहे, कारण काय करायचं हे आपल्या सगळ्यांना साधारण ठाऊक असतं. कापडी पिशवी न्यावी, पाणी जपावं, कचरा वेगळा करावा, हे शाळेतल्या मुलांनाही पाठ असतं. ठाऊक असून आपल्या हातून ते का होत नाही, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला बराच काळ सापडलं नव्हतं.

राज्यात २३ जून २०१८ पासून प्लॅस्टिकबंदी लागू झाली, तेव्हा मी एका आठवड्यात घर बदलायचं ठरवलं. प्लॅस्टिकचे सगळे डबे रद्दीवाल्याला देऊन टाकले. चांगले, पुढे दहा वर्षं टिकले असते असे डबे होते, म्हणजे सुरुवातच चुकीची झाली. बांबूचे ब्रश आणले, रिठे आणले, कापडी पिशव्यांचा गठ्ठा शिवून घेतला, पालिकेच्या पाण्याचा हिशेब लिहायला वही घातली. दिवाळीपर्यंत यातलं बहुतेक सगळं बंद पडलं. वहीत अकरा दिवसांच्या नोंदी आहेत. घरच्यांची कुरकुर, माझी चिडचिड आणि शेवटी एक अपराधी भावना एवढं उरलं.

एक गोष्ट मात्र टिकली. त्या पिशव्यांपैकी एक मी दारामागे, चपलांच्या वर खिळा ठोकून अडकवली होती. चप्पल घालायला वाकलं की ती डोळ्यांसमोर येई. बाकीच्या पिशव्या कपाटात घडी घालून ठेवल्या होत्या, त्या कपाटातच राहिल्या. माझा निश्चय दोन्हींच्या बाबतीत सारखाच होता. फरक खिळ्याचा होता.

या खिळ्यापासून मी शिकले. सवय आपल्या मनापेक्षा घराच्या मांडणीत जास्त राहते. जी वस्तू हाताशी असते ती वापरली जाते, जी कपाटात असते ती विसरली जाते. म्हणून या पुस्तिकेत शपथा नाहीत. प्रत्येक सवयीबरोबर घरातली कोणती वस्तू कुठून उचलून कुठे ठेवायची, एवढंच सांगितलं आहे. आणि एका वेळी एकच. पहिली अंगवळणी पडून तिचा विसर पडेपर्यंत दुसरीकडे वळायचं नाही. माझा अनुभव असा की एका सवयीला दोन-तीन महिने लागतात. वर्षाला चार-पाच बदल झाले तरी ते फार झाले.

सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं, तर मी ओल्या कचऱ्याचं नाव घेते. आपल्या घरांतून निघणाऱ्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त भाग ओला असतो : भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा, उरलेलं अन्न. हा भाग वेगळा झाला की उरलेला कचरा कोरडा, हलका आणि विकता येण्याजोगा राहतो. मिसळला की दोन्ही वाया जातात. चहाच्या चोथ्यात भिजलेला कागद कुठलाही रद्दीवाला घेत नाही. आणि हा ओला ढीग कचरा डेपोवर उंच साचतो तेव्हा त्याच्या पोटात हवा पोचत नाही. हवेशिवाय कुजताना त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीस पट उष्णता धरून ठेवतो. तेच देठ घरच्या कुंडीत हवेशीर कुजलं तर मिथेन जवळजवळ होत नाही, आणि माती होते.

यात माझी फजिती झाली तीही सांगते, कारण बहुतेकांची पहिली फजिती तीच असते. मी झाकणाची प्लॅस्टिकची बादली घेतली, रोज त्यात ओला कचरा टाकून झाकण घट्ट लावत गेले. आठव्या दिवशी शेजारच्या काकूंनी बेल वाजवली. जिन्यात वास येत होता. मला वाटलं, हे आपलं काम नाही. पुढे एका माळीबाबांनी बादलीत डोकावून दोन वाक्यांत निदान केलं : आत वारा नाही आणि सुकं काहीच नाही. ओल्याच्या दुप्पट सुकं घालायचं. सुकं म्हणजे झाडाची वाळलेली पानं, नारळाची शेंडी, लाकडाचा भुसा. भांड्याला भोकं हवीत. फुटका माठ असेल तर उत्तम, कारण माठ श्वास घेतो आणि जास्तीचं पाणी पिऊनही टाकतो. विरजणाला मूठभर जुनं खत किंवा आंबट ताक घालायचं. तीन-चार दिवसांनी काठीने वरखाली करायचं. चिलटं झाली तर सुकी पानं वाढवायची. अळ्या दिसल्या तर घाबरायचं नाही, त्या आपलंच काम करत असतात. सहा ते आठ आठवड्यांत तळाशी काळं, पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास येणारं खत दिसतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा किती खाली जातो ते सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवसांत कुजायला जास्त वेळ लागतो, एवढं लक्षात ठेवायचं.

सुक्या पानांचा प्रश्न या शहरात पडूच नये. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत रस्त्याकडेला पानांचे ढीग लागतात आणि सकाळी ते पेटवलेले दिसतात. दोन गोणी भरून आणल्या की एका घराला पावसाळ्यापर्यंत पुरतात. गच्ची असेल त्यांनी याच्याही पुढे जावं. नाशिकचे संदीप चव्हाण ‘गच्चीवरची बाग’ या नावाने हेच शिकवत आले आहेत : पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला कचरा यांवर गच्चीत भाजी उगवते. मेथीची पहिली जुडी आपल्याच कचऱ्यातून उगवलेली कापताना जो आनंद होतो, तो मी इथे वर्णन करत बसत नाही.

ज्यांना घरी खत करणं जमणार नाही त्यांनी निदान दोन डबे वेगळे ठेवून घंटागाडीत वेगळे द्यावेत. घंटागाडी ही नाशिकची स्वतःची गोष्ट आहे. १९९० च्या दशकात हा प्रयोग इथे रुजला आणि पुढे राज्यातल्या कितीतरी शहरांनी उचलला. रस्त्यावरच्या कचराकुंड्या काढून घंटा वाजवत गाडी दारात आणायची, ही साधी कल्पना होती, आणि मला ती आजही मोठी वाटते. पाथर्डी शिवारात, विल्होळीजवळ पालिकेचा खतप्रकल्प आहे. जर्मन सरकारच्या मदतीने २०१७ मध्ये तिथे आणखी एक प्रकल्प उभा राहिला. हॉटेलांचा ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला एकत्र कुजवून बायोगॅस आणि त्यातून वीज करायची, अशी त्याची रचना आहे. पण या यंत्रांना हवा असतो निवडलेला कचरा. त्यात प्लॅस्टिकची एक पिशवी गेली की ती कुठेतरी अडकते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा घरीच वेगळा करणं प्रत्येकावर बंधनकारक केलं. वेंगुर्ल्यासारख्या छोट्या नगरपरिषदेने, रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना, हे इतकं नेटाने केलं की कचरा डेपोची जागा बघायला बाहेरगावचे लोक येऊ लागले.

यावर एक तक्रार हमखास येते : आम्ही वेगळा देतो, पण गाडीत सगळं एकत्रच टाकतात. ही तक्रार खरी असते, मीही ती केली आहे. पण तक्रार करायचा अधिकार ज्याने कचरा वेगळा केला त्यालाच असतो, आणि त्याच्याच तक्रारीला धार असते. आमच्या गल्लीतल्या नऊ घरांनी वेगळे डबे द्यायला सुरुवात केली आणि गाडीवरच्या माणसाशी रोज दोन शब्द बोलायला लागलो. तो माणूस रोज हाताने आपला कचरा चिवडतो, हे तोवर आम्ही पाहिलंच नव्हतं. सॅनिटरी पॅड वेगळ्या कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची पद्धत पुण्याच्या कचरावेचक महिलांच्या आग्रहातून पुढे आली. आपल्या मुलींना ती पहिल्या पाळीबरोबरच शिकवावी, असं माझं ठाम मत आहे.

पाण्याकडे वळते. आपण त्र्यंबकच्या पायथ्याशी राहणारी माणसं आहोत. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली नदी १,४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते आणि तिच्या काठावरचं पहिलं मोठं शहर आपलं. आपल्या नळाला गंगापूर, मुकणे आणि दारणा या धरणांचं पाणी येतं. दर ऑक्टोबरात आपण एका वादाच्या बातम्या वाचतो. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने सूत्र घालून दिलं की १५ ऑक्टोबरला खालच्या जायकवाडी धरणात ६५ टक्के साठा नसेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. मग आंदोलनं होतात, न्यायालयात धाव घेतली जाते. पाणी किती सोडायचं यावर आपण इतके भांडतो, पण कसं सोडतो याबद्दल फारसे बोलत नाही. आगर टाकळीला नंदिनी गोदावरीला मिळते तिथे उभं राहून बघा. नंदिनीला आपण वर्षानुवर्षं नासर्डी म्हणत आलो. पुढे सायखेडा-चांदोरीला पुलाखाली पाणवेलींचा हिरवा गालिचा अडकलेला असतो. तो मैलापाण्यातल्या नत्रावर आणि आपल्या धुण्याच्या पावडरीतल्या स्फुरदावर पोसलेला असतो. त्याच्याही पुढे, गोदावरी-कादवेच्या संगमावर नांदूरमधमेश्वर आहे, २०२० मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. हिवाळ्यात तिथे पक्षी बघायला आपण दुर्बिणी घेऊन जातो. ज्या पाण्यात ते पक्षी उतरतात त्यात आपल्या मोरीचा वाटा असतो.

म्हणून मोरीच्या भागात मी सगळ्यात आधी धुण्याच्या पावडरीचा चमचा आणला आहे. बहुतेक घरांत लागते त्याच्या दीडपट-दुप्पट पावडर पडते, कारण आपण मुठीने किंवा थेट पाकिटातून ओततो. डब्यात एक छोटा चमचा कायमचा ठेवा, एवढंच. दुसरी गोष्ट आरओ यंत्राची. सह्याद्रीतल्या पावसाचं हे पाणी गोडं आहे, त्यात क्षार कमी आहेत. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्यासाठी आरओवर बंदी घालावी, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं. तरी नळाला धरणाचं पाणी येणाऱ्या हजारो घरांत ही यंत्रं बसली आहेत, आणि एक लिटर पाणी देताना त्यातली बरीचशी दोन-तीन लिटर मोरीत सोडतात. साधा फिल्टर किंवा उकळलेलं पाणी पुरतं. बोअरचं जड पाणी असेल आणि यंत्र लागणारच असेल, तर त्याच्या नळीखाली बादली ठेवा. त्या पाण्याने फरशी पुसली जाते, गाडी धुतली जाते. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी घालवतो. वॉशर काही रुपयांना मिळतो.

हे वाचताना कुणालाही आपली आजी आठवेल. माझी आजी जुन्या नाशकात, तिवंध्याजवळच्या वाड्यात राहायची. तांदळाचं धुवण झाडाला, भाजीची देठं गाईला, जुनी लुगडी गोधडीला, त्यातूनही उरलेले कपडे बोहारणीला. पितळेची भांडी तांबट लेनमध्ये जाऊन कल्हई करून यायची आणि आणखी दहा वर्षं चालायची. ‘पर्यावरणस्नेही’ हा शब्द तिने ऐकला नव्हता. तिच्या काटकसरीतून या पुस्तिकेने पुष्कळ घेतलं आहे. पण त्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही. ती राखेने भांडी घासायची तेव्हा तिच्या बोटांना भेगा पडायच्या. पहाटे चारला तिचा दिवस सुरू व्हायचा. घरातल्या काटकसरीचं सगळं ओझं एकट्या बाईच्या हातांवर होतं.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. आजही ‘घर हिरवं करूया’ म्हटलं की डबे वेगळे करणं, पिशव्या धुणं, रिठे उकळणं ही कामं न बोलता घरातल्या बाईकडे जातात. ती आधीच नोकरी आणि स्वयंपाक यांत पिचलेली असते. अशी सवय टिकत नाही, आणि टिकू नये. म्हणून प्रत्येक सवयीपुढे ती घरात कोण करणार हे लिहायला मी एक मोकळी ओळ सोडली आहे. आमच्या घरी खताचा माठ यजमान बघतात आणि दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवायचं काम मुलाचं आहे. पहिले काही आठवडे मला गप्प बसावं लागलं. ते माझ्यासाठी सगळ्यात अवघड काम होतं.

बाजाराबद्दल फार लिहीत नाही. गंगेवरचा बुधवारचा बाजार अजून भरतो. आसपासच्या गावांतून आलेली भाजी तिथे सुटी मिळते, पाकीटबंद नसते. तिथे पिशवी नेली की निम्मं काम झालं. मिसळीचं मात्र लिहायलाच हवं. रविवारी सकाळी मिसळ खाणं हे या शहराचं व्रत आहे. तिथेच बसून खाल्ली तर स्टीलच्या ताटात येते आणि काहीही वाया जात नाही. पार्सल घेतली की रस्सा एका पिशवीत, मटकी दुसरीत, शेव-चिवडा तिसरीत, कांदा-लिंबू चौथीत. चार पिशव्यांचं आयुष्य दुकानापासून घरापर्यंत. मी आता दोन कडीचे डबे घेऊन जाते. पहिल्या दिवशी लाज वाटली होती. गल्ल्यावरच्या काकांनी डबा हातात घेतला, आत बघितलं आणि एक पळी तर्री जास्त घातली. डबे कुठे असतात? गाडीच्या डिकीत, कायमचे.

विजेचा विचार करताना नाशिकरोडच्या वाचकांना सोय आहे, त्यांना एकलहऱ्याच्या चिमण्या दिसतात. तिथे २१० मेगावॉटचे तीन संच आहेत आणि ते कोळशावर चालतात. एक युनिट वीज करायला अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सोळाएक युनिट वाचतात, म्हणजे आठ ते बारा किलो कोळसा. चालणारा पंखा काढून टाकू नका. तो बिघडेल तेव्हा नवा घेताना एवढं लक्षात ठेवा. प्लॅस्टिकच्या डब्यांबाबत केलेली चूक मला पुन्हा करायची नाही.

सायकलच्या बाबतीत या शहराला उपदेशाची गरज नसावी. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, आणि दरवर्षी इथून पंढरपूरला सायकल वारी निघते. तरी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे आपण स्कूटर काढतो. इथेही तोच खिळा : सायकल दाराशी, हवा भरलेली आणि बिनकुलुपाची असेल तर ती निघते. जिन्याखाली धूळ खात असेल तर निघत नाही.

सणांचा भाग लिहिताना मला सर्वात जास्त आनंद झाला. रंगपंचमीला जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडी उघडतात. शनि चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा इथले हे दगडी हौद वर्षभर जमिनीखाली झाकलेले असतात. त्या दिवशी पळसाच्या फुलांसारख्या नैसर्गिक रंगाचं पाणी भरायचं आणि सगळ्या गल्लीने एकाच हौदात उड्या मारायच्या. प्लॅस्टिकचे फुगे नाहीत, टँकर नाहीत, आणि जल्लोषात तसूभर कमी नाही. गणपतीत विद्यार्थी कृती समितीची मुलं २०११ पासून गोदाकाठी ‘देव द्या, देवपण घ्या’ म्हणत मूर्ती स्वीकारत आली आहेत. घरीच विसर्जन करणाऱ्यांसाठी शाडूची मूर्ती आणि बादली पुरते. मूर्ती प्लॅस्टर ऑफ पॅरिसची असेल तर बेकरीत वापरतात ते अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात घालून ती विरघळवता येते. खाली उरतं ते कॅल्शियम कार्बोनेट, आणि पाण्यात अमोनियम सल्फेट राहतं, ते पातळ करून झाडांना घालता येतं. निर्माल्याला वेगळी टोपली ठेवा, ते थेट खताच्या माठात जातं. गाडगे महाराजांच्या नावाचा पूल ज्या शहरात आहे, तिथे पुलांवरून निर्माल्याच्या पिशव्या भिरकावल्या जाऊ नयेत म्हणून कठड्यांना जाळ्या लावाव्या लागल्या. हातात खराटा घेऊन आधी गाव झाडणाऱ्या आणि मग कीर्तनाला उभं राहणाऱ्या त्या माणसाला आपण याचं काय उत्तर देणार आहोत, मला कळत नाही.

एक आक्षेप राहतो आणि तो गंभीर आहे. सातपूर-अंबडचं कारखान्यांचं पाणी, मलनिस्सारण केंद्रांची अपुरी क्षमता, नदीच्या पात्रात ओतलेलं काँक्रीट, २०२७ च्या सिंहस्थासाठी होणारी बांधकामं, यांच्यापुढे माझा खताचा माठ काय करणार? माझं उत्तर असं आहे की तो त्यांच्याऐवजी नाही. पालिकेने आणि कारखान्यांनी करायचं काम कुठल्याही गृहिणीच्या डब्यातून भरून निघणार नाही, आणि ते तिच्यावर ढकलू नये. पण गोदावरीच्या प्रदूषणाविरुद्ध २०१२ मध्ये उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली ती या शहरातल्या सामान्य नागरिकांकडून. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर २०१५ च्या पर्यावरणदिनी देशी झाडं लावायला हजारो लोक चढले. त्यांना कुणी आदेश दिला नव्हता. ज्याला आपल्या मोरीचं पाणी कुठे जातं हे माहीत झालं, तो नदीवर गेल्याशिवाय राहत नाही, आणि गेला की प्रश्न विचारल्याशिवाय परत येत नाही. मोठ्या प्रश्नांना भिडणारी जी माणसं मला भेटली, त्यांतली बहुतेक अशाच एखाद्या छोट्या डब्यापासून निघाली होती.

ही पुस्तिका कशी वाचावी याबद्दल थोडं. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर गणिताचे अध्यापक होते. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला, आणि त्यातून महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागायतदारांनी एकमेकांच्या बागांतून शिकायला सुरुवात केली. त्यांची पद्धत सोपी होती : आपल्या जागेत करून बघा, काय झालं ते नीट पाहा, चुकलं तरी शेजाऱ्याला सांगा. याच वृत्तीने ही पानं वाचा. मी सांगितलेलं प्रमाण तुमच्या बाल्कनीत चुकेल, माझा माठ तुमच्या उन्हात फार लवकर सुकेल. तसं झालं तर समासात लिहून ठेवा आणि पुस्तिका पुढच्या घरी द्या. सगळी पुस्तिका एका बैठकीत वाचायची गरज नाही. खरं तर वाचू नका.

आत्ता उठून स्वयंपाकघरात जा. एखादा जुना डबा, तडा गेलेला माठ, कान तुटलेली बादली असं काहीतरी शोधा आणि त्याला चार भोकं पाडा. ते ओट्याशेजारी ठेवा, जिथे भाजी चिरताना तुमचा हात सहज पोचतो. झाकण शोधत बसू नका, ते लागत नाही. तळाशी दोन मुठी वाळलेली पानं घाला आणि मगच पुढचं पान उलटा.